उस्तादांची आडवी रेघ

माझी बायको कमळ घड्याळं दुरुस्त करते. एवढं वाक्य लिहून मी कागद बाजूला ठेवला होता. पुढे काय लिहायचं ते सुचेना. आमच्या वाचनालयाच्या मंडळींनी गावातल्या म्हाताऱ्यांना सांगितलं, तुमच्या पाहण्यातल्या एका माणसाबद्दल लिहा, अंकात छापू. मी म्हटलं, मला लिहिता येत नाही. रेवसच्या धक्क्यावर लाँचची तिकिटं देण्यात माझं आयुष्य गेलं. तिथे बोलायचं ते एवढंच, "किती जण?" आणि "सुटे द्या."

घरी येऊन हिला सांगितलं तर म्हणाली, "लिहा की. फक्त मला देवी करू नका."

तेव्हा देवी न करता लिहितो. जमेल तसं.

हिचं दुकान चौलच्या नाक्यावर एका इमारतीच्या जिन्याखाली आहे. टेबल, काचेची पेटी आणि हिची खुर्ची एवढंच त्यात मावतं. मी जेवणाचा डबा घेऊन गेलो तर बाहेर उभा राहतो. नवीन गिऱ्हाईक आलं की ते हिच्याकडे बघतं, मग हिच्या मागे बघतं, आणि विचारतं, "घड्याळजी कुठे गेले?"

ही म्हणते, "जेवायला गेलेत. तोवर मी बघते."

घड्याळ चालू करून हातात दिलं, तरी एखादा विचारतो, "मग घड्याळजी कधी येणार?" हिने त्यावर कधी कोणाला दुरुत्तर केलेलं मला आठवत नाही. "आले की सांगते," म्हणते आणि पुढचं घड्याळ उघडते.

हे काम ती रेवदंड्याच्या अब्दुस्समद उस्तादांकडे शिकली. हिच्या वडिलांची चौलला वाडी होती. विड्याची पानं घेऊन ती लहानपणी रेवदंड्याच्या बाजारात जायची. बाजारात उस्तादांचं घड्याळाचं दुकान होतं आणि त्यासमोर ती हटकून रेंगाळायची. एकदा उस्तादांच्या चिमट्यातून बारीक स्क्रू निसटला. त्यांनी टेबल शोधलं, जमीन झाडली, स्वतःचा सदरा झटकला. ही बाहेरून म्हणाली, "चाचा, तुमच्या दाढीत आहे."

उस्तादांना हसू आलं, पण स्क्रू पुन्हा पडेल म्हणून ते तोंड हलवेनात. दाढीतून तो हिनेच काढून दिला. मग ते म्हणाले, "पोरी, तुझी नजर पानं मोजण्यात फुकट चाललीये."

हिच्या वडिलांना त्यांनी स्वतः येऊन विचारलं. लोक थोडं बोलले, मग बोलायचे थांबले. सुरुवातीला हिला फक्त मेलेली घड्याळं उघडायची आणि होती तशी बंद करायची एवढंच काम होतं. ही कंटाळली की उस्ताद म्हणायचे, "उघडता सगळ्यांना येतं. लावता येतं तो घड्याळजी."

त्यांचा एक नियम होता. तो इथे सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. घड्याळजी झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने आपली बारीक खूण करतात. गिऱ्हाइकाला ती सहसा ठाऊक नसते. पुढे ते घड्याळ दुसऱ्याकडे गेलं तर आधी कोणाचा हात लागलाय हे त्याला कळतं. उस्ताद ही खूण दोन भागांत करायचे. घड्याळ उघडलं की आडवी रेघ. चाललं की तिला छेदणारी उभी. नाही चाललं तर आडवी रेघ एकटी ठेवून झाकण लावायचं. हिने विचारलं होतं, "हरल्याची खूण कशाला ठेवायची?" उस्ताद म्हणाले, "पुढच्याला कळू दे की मी इथपर्यंत आलो होतो. त्याने इथून पुढे जावं."

त्यांच्या आडव्या रेघेला शेवटी एक बारीक वळण असायचं, माशाच्या गळासारखं. हिची रेघ सरळ, शेवटी ठिपका.

सुटे भाग आणायला ही रेवसहून लाँचने मुंबईला जायची. एक पत्र्याचा डबा मांडीवर धरून बसायची. समुद्र कितीही उसळला तरी डबा सोडायची नाही, पदर उडाला तरी एका हाताने सावरायची. मी तिकीट देताना एकदा धीर करून विचारलं, "डब्यात काय आहे?" ती म्हणाली, "वेळ." मी म्हटलं, "सुटे द्या." पुढे आमचं लग्न झालं, तरी माझं बोलणं फारसं वाढलेलं नाही.

आता धर्माची गोष्ट. ती आमच्या लग्नाआधीची, हिने मला सांगितलेली.

धर्मा खाडीकाठच्या मिठागराच्या पाड्यातला. कुवेतला क्रेन चालवायला गेला आणि येताना एक घड्याळ घेऊन आला. त्याला काटे नव्हते, चावी द्यायचा खुंट नव्हता. नुसती काळपट लाल काच. बाजूचं बटण दाबलं की काचेत लाल आकडे पेटायचे आणि लगेच विझायचे. धर्मा रेवदंड्याच्या बाजारात उभा राहायचा आणि लोक "दाखव, दाखव" म्हणत भोवती जमायचे. पुढच्या वेळी कामावर जाताना त्याने ते घरी ठेवलं. पावसाळा संपल्यावर आला, बटण दाबलं, काच काळीच. तो घड्याळ घेऊन उस्तादांकडे आला.

उस्तादांनी उघडलं. आत पांढरी पुटं चढलेली. त्यांनी दिसलं तेवढं साफ केलं, सेल बदलले, तरी काही पेटेना. ते धर्माला म्हणाले, "आत मीठ शिरलंय भाई. माझ्याने होत नाही."

धर्मा भडकला. "मला मीठ शिकवतो? माझा बाप मिठात जन्मला नि मिठात मेला. मीठ वस्तू राखतं, खात न्हाय!"

तो गेला. पण कोणीतरी त्याच्या कानात सांगितलं की असल्या घड्याळांच्या आत सोन्याच्या तारा असतात. झालं. ऐन बाजाराच्या दिवशी तो दुकानासमोर उभा राहून ओरडला की समदने आतलं सोनं काढून घेतलं आणि वर मिठाचं नाव सांगतो. उस्ताद म्हणाले, "सगळ्यांसमोर उघडतो. ज्याला बघायचं त्याने बघावं." धर्मा घड्याळाला हात लावू देईना. ही तिथे बसलेली होती. ही म्हणाली, "मी बघितलंय, आतल्या तारा जागेवर आहेत." लोक हसले. पोरीचं कोण ऐकतो?

घड्याळजीकडे माणूस घड्याळ ठेवून जातो ते विश्वासावर. तो एकदा उडाला की चांगलं घड्याळ कोणी आणत नाही. उस्तादांकडे हळूहळू फक्त गजराची डबडी येऊ लागली, मग तीही येईनात. हिने किती वेळा सांगितलं की धर्माच्या घरी जाऊन बोला. ते म्हणायचे, "ते घड्याळ बंद आहे ना, मग माझं तोंडही बंद. चालू होईल तेव्हा तेच बोलेल." शेवटी दुकान बंद केलं तेव्हा सगळी हत्यारं त्यांनी हिला दिली. हिने चौलला टेबल टाकलं आणि पाटीवर उस्तादांचं नाव लिहायचं म्हटलं, तर ते म्हणाले, "वेडी आहेस काय? माझं नाव बघून गिऱ्हाईक पळेल. तुझं लिही."

हे हिला कायम सलत राहिलं. हिच्या पाटीवर फक्त "कमळ" आहे आणि वर थोडी जागा रिकामी आहे. रंगाऱ्याने विचारलं होतं, ती जागा कशाला सोडायची. ही म्हणाली, "राहू दे."

गेल्या वर्षीची गोष्ट. मी डोळे तपासायला अलिबागला गेलो होतो. परत येताना रस्त्याकडेला एक माणूस चादर पसरून जुन्या वस्तू विकायला बसला होता. टीव्हीचे रिमोट, चार्जर, बंद पडलेले मोबाइल, पितळी कुलपं. त्यात पोलादी पट्ट्याचं काहीतरी पडलं होतं, लाल काचेचं. मला ते घड्याळ वाटलंही नाही. विकणाऱ्याला विचारलं, "हे काय?"

"काका, ते हातात घालायचं आहे."

"हातात घालून करायचं काय?"

तो म्हणाला, "शुगर बघायचं मशीन असेल. घेऊन टाका."

हिला मोडकं काही आवडतं म्हणून मी ते घेतलं. वाटेत वाटलं, हसेल. घरी आल्यावर पिशवीतून भाजी आधी काढली, मग ते. म्हटलं, "शुगरचं मशीन आहे म्हणे."

हिने ते हातात घेतलं. हसली नाही. काच उजेडात तिरपी धरली, मग डोळ्याला भिंग लावलं. "काटे नाहीत, खुंट नाही. बाजूला बटण, खाली वेळ लावायला टाचणी जाईल एवढं भोक. अहो, हे लाल दिव्याचं घड्याळ आहे."

"मग त्यात आकडे का दिसत नाहीत?"

"ते दाबल्यावरच दिसतात. दिवा सारखा पेटत राहिला तर सेल लगेच संपेल. म्हणून त्या वेळी अशीच बनवायचे. पुढे ती राखाडी आकड्यांची आली, सारखी दिसणारी, आणि ही गेली."

तिने झाकण उघडलं. मी चहा ठेवायला आत गेलो होतो. बाहेर आलो तर ही झाकण हातात धरून तशीच बसलेली. मला वाटलं, काही मोडलं.

"भिंग लावा," ती म्हणाली.

मी लावलं. मला आधी स्वतःचीच पापणी दिसली. मग झाकणाच्या आत एक रेघ दिसली. आडवी, एकटी. शेवटी गळासारखं वळण.

"हे धर्माचं आहे," ती म्हणाली. "उस्तादांचा हात दुसऱ्या कुठल्या लाल घड्याळाला लागला नव्हता."

मी म्हटलं, "आत्ता उस्तादांकडे जाऊ."

"काय दाखवायला? बंद घड्याळ? ते त्यांनी पाहिलंय." मग भिंग पुसत म्हणाली, "सादिया सांगत होती, त्यांची नजर उतरत चाललीये. डॉक्टर म्हणाले, आहे ती जपा. त्यांना लाल उजेड दिसतोय तोवर हे पेटलं पाहिजे." सादिया ही उस्तादांची नात, त्यांना तीच सांभाळते.

त्या दिवसापासून हिने दुसरं काम हातात घेतलं नाही. गिऱ्हाइकांना सांगितलं, घड्याळजी बाहेरगावी गेलेत.

आतलं यंत्र तिने चिमट्याने उचलून पांढऱ्या बशीत ठेवलं. नखाएवढी पांढरी पट्टी, तिच्यावर सोनेरी रेघोट्या आणि आकड्यांच्या जागी केसाहून बारीक तारा. "बघा, सोनं," ती म्हणाली. "सगळं जिथल्या तिथे आहे. हे विकून पानाचा विडासुद्धा आला नसता."

पण पेटल्याशिवाय हे कोणाला पटणार नव्हतं. काढलं नाही म्हणणं सोपं, दाखवायचं कसं? दिवा पेटला तर तारा आहेत. नाही पेटला तर धर्माचं बोलणं तसंच उरतं.

पांढऱ्या पुटावर तिने भिंग धरलं. जुना सेल गळला की भुकटीसारखं पूट चढतं. ते होतंच, पण त्याखाली चौकोनी खडे होते, बारीक, कोपरे असलेले. मी म्हटलं, "मीठच. चाखून बघू का?" तिने माझ्या हातावर चापट मारली. "सेलचं विष आहे त्यात! वाचनालयाला श्रद्धांजली लिहावी लागेल."

आधी तिने शुद्ध पाण्याचा एकेक थेंब सोडून मीठ विरघळवलं. ते नुसतं खरवडलं असतं तर तारा तुटल्या असत्या. उस्तादांनी पेट्रोलने साफ केलं होतं, चावीच्या घड्याळांना तेच करायचे, पण पेट्रोलमध्ये मीठ विरघळत नाही. "म्हणून ते अडले," ती म्हणाली. "तेव्हा कोणाला माहीत होतं? हे असलं घड्याळ त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं." पाण्यानंतर स्पिरिट, मग बल्बखाली वाळवण. मला पंखा लावायची बंदी.

सेल घातले. तेही चांगले, चांदीचे म्हणतात ते, खेळण्यातले स्वस्त नाहीत, कारण लाल दिव्याला भूक मोठी. बटण दाबलं. काही नाही.

सेलखालची पितळी पट्टी मिठाने खाऊन टाकली होती. वरून धड दिसत होती, खालून जाळी. तिने एका मोडक्या गजराच्या घड्याळातली पट्टी कापून, वाकवून तिथे कथलाचा डाग देऊन बसवली. हिचे हात हल्ली थोडे थरथरतात. डाग देताना ती श्वास सोडते आणि मधल्या क्षणात काम करते. मी तेव्हा श्वास घेत नाही, उगाच.

पुन्हा बटण दाबलं आणि एकच आकडा पेटला. इतका भगभगीत की मी "लागलं!" म्हणून ओरडलो. हिने झटक्यात सेल काढला.

"लागलं कसलं! जळलं असतं," ती म्हणाली. चेहरा उतरला होता तिचा. मग तिने समजावलं. या घड्याळात सगळे आकडे एकदम पेटत नाहीत. दिवा एकावरून दुसऱ्यावर इतका भरभर धावतो की आपल्याला सगळे पेटलेले वाटतात. हा एकावरच थांबला होता, म्हणजे आतले ठोकेच बंद. ठोके देतो तो एक बारीक डबीतला स्फटिक, क्वार्ट्झ म्हणतात तो; त्याचा एक पाय मिठाने गळून पडला होता.

मला वाटलं, संपलं. इतक्या जुन्या घड्याळाचा भाग आता कुठे मिळणार? मी तोंड पाडून बसलो. ही उठली, आमच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं घड्याळ उतरवलं आणि उघडलं.

"अगं, ते चालू आहे!"

"म्हणून तर. यातही तसलाच स्फटिक असतो. तेव्हाही तोच, आताही तोच. तुम्ही दोन दिवस हातातलं बघून जेवा."

तिने तो लावला. त्या दिवशी दुपारी घरात फक्त आम्ही दोघं होतो. तिने मला म्हटलं, "तुम्ही दाबा. तुम्ही आणलंय." मी नको म्हटलं. मग तिनेच दाबलं.

काचेत लाल आकडे आले. शांत, सारख्या उजेडाचे. विझले. पुन्हा दाबलं, पुन्हा आले, आणि मधल्या वेळात एक मिनिट पुढे गेलेलं.

हिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि भिंगावर पडलं. मी रुमाल दिला. तिने भिंग पुसलं, डोळे तसेच.

झाकणाच्या आत उस्तादांच्या रेघेखाली तिने आपली आडवी ओढली. उभी ओढली नाही. म्हणाली, "ती त्यांच्यासमोर." बरेच दिवस ते घड्याळ तिने हातात घालून जोखलं. एकदाही मागे पडलं नाही.

मी म्हटलं, "आता चला उस्तादांकडे."

"आधी मिठागरावर. ज्या घराने बोल लावला त्या घरात आधी पेटू दे."

धर्मा आता नाही. त्याची बायको शकू आहे. मुलगा हितेश ट्रकच्या धंद्यात आहे, त्याने जुनं घर पाडून बंगला बांधला. शकूमावशी त्या बंगल्याच्या पायरीवर सुकट निवडत बसली होती. कमळने हातातलं घड्याळ काढून तिच्यासमोर धरलं आणि बटण दाबलं.

मावशीने सुकट टाकली. "अगो बाय! ह्या आमचे धर्माचा घड्याल! कुठं गावला? हितेशने घर पाडला तवा जुनी पेटी भंगारवाल्याला दिली. मना काय म्हाईत त्यात ह्या हाय!"

"बंद होतं ना?"

"व्हय. मेला कितीक वर्सा बंद. त्या समदने आतला सोना काढला ना."

मला वाटलं, ही आता चिडणार. पण ती मावशीशेजारी पायरीवर बसली. "मावशी, धर्मादादा कुवेतला असताना घड्याळ कुठे ठेवलं होतं?"

"कुठं म्हंजे? मीच ठेवलेला. पावसान वल लागल म्हनून मीठ भाजला, कोरडा केला, मोठे बरनीत भरला, त्यान फडक्यान गुंडालून ठेवला. आमचे घरान सगलाच मिठान राहते. चिंच मिठान, मासली मिठान. मीठ वल पिते ना!" ती अभिमानाने सांगत होती.

"धर्मादादाला सांगितलं होतं?"

"त्याला कशाला? बरनीतून काढून पुसून दिला त्याला. चकचकीत."

ही हळूच म्हणाली, "मावशी, मीठ ओल पितं, खरं आहे. पण पावसाळाभर प्यायलेली ओल जाते कुठे? ती घड्याळात गेली. मिठासकट."

मावशी बघत राहिली. तिचा जन्म मिठागरावर गेला होता. पावसात मीठ कसं पाझरतं हे तिला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. तिने घड्याळ हातात घेतलं, स्वतः बटण दाबलं. पेटलं. पुन्हा दाबलं.

"सोना हाय मग आत?"

"सोनं नसतं तर पेटलं नसतं. तेव्हा होतं तेच आहे."

मावशी पदराने हात पुसत उठली. "माझा नवरा बाजारान वरडला, आन मी घरान बसून त्या मानसाला शिव्या दिल्या. अजून देतंय. चल गो. मना ने तिकडं."

रिक्षात आम्ही तिघं. मावशीने घड्याळ मुठीत धरलं होतं. वाटेत ती दोनदा म्हणाली, "जिता हाय ना तो?" कमळ म्हणाली, "आहे, मावशी."

उस्ताद अंगणात खाटेवर बसले होते. सादियाने तिघंजण आल्याचं सांगितलं. कमळने "चाचा" म्हटलं आणि त्यांनी हिला आवाजावरून ओळखलं. "कमळ, ये बेटी. दत्तूभाऊ पण आलेत? तिसरं कोण?"

कमळने मावशीच्या मुठीतलं घड्याळ त्यांच्या तळहातावर ठेवलं. सवयीप्रमाणे त्यांनी ते कानाला लावलं. मग स्वतःशी म्हणाले, "टिकटिक नाही." बोटं पट्ट्यावरून, काचेवरून, बटणावरून फिरली आणि थांबली. त्यांना कळलं.

"कमळ?"

"दाबा ना, चाचा."

त्यांनी काच डोळ्यांजवळ आणली, अगदी पापण्यांपाशी, आणि दाबलं. आकडे त्यांना वाचता आले नसतील. पण त्यांच्या पांढऱ्या दाढीवर बारीकसा लाल उजेड पडलेला मी पाहिला.

"पेटतंय," ते म्हणाले. "अल्लाह. पेटतंय."

मग शकूमावशी पुढे झाली. "समदभाई, मी धर्माची बायको. घड्याल मीच मिठान ठेवलेला. तू खरा सांगितलास. आमी तुझा नाव घालवला."

उस्तादांनी तिच्या आवाजाकडे मान वळवली. मग म्हणाले, "मिठात? भाजलेल्या?"

"व्हय."

"म्हणून खडे इतके बारीक होते," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर मला राग शोधूनही सापडला नाही. इतकी वर्षं अडलेलं कोडं सुटलं याचंच त्यांना जास्त वाटत असावं. मग सावकाश म्हणाले, "बसा बहिणाबाई. सादिया, चहा आण. आणि मीठ घालू नको."

मावशी रडता रडता हसली.

चहा झाल्यावर कमळने झाकण उघडून, सुई त्यांच्या हातात दिली. "चाचा, तुमची उभी रेघ राहिलीये."

त्यांनी नखाने चाचपून आपली रेघ शोधली. वळणावर बोट थांबलं. मग सुई तिला परत दिली. "नाही. मी चालवलं नव्हतं. माझी आडवीच राहील, ती खरी आहे. चोरीचा डाग गेला, तेवढं पुष्कळ. तू चालवलंस, तू ओढ."

"पण चाचा..."

"मी तुला काय शिकवलंय?"

कमळने श्वास सोडला आणि मधल्या क्षणात आपल्या रेघेवर उभी रेघ ओढली. उस्तादांनी ती नखाने तपासली. "सरळ आहे," म्हणाले. आणि पुन्हा, सादियाला ऐकू जाईल असं, "माझ्या शागिर्दाची रेघ आहे ही."

परत येताना मावशीने रेवदंड्याच्या बाजारात रिक्षा थांबवली. जिथे उस्तादांचं दुकान होतं तिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात. समोरचा सुपारीवाला जुना आहे. मावशी रस्त्यात उभी राहिली, हात वर केला, आणि मिठागरावर हाक मारावी तशा आवाजात ओरडली, "आयका रे! धर्माचा घड्याल पेटला! समदने काय न्हाय काढला त्यातून! मीठ मी घातलेला, मी!"

लोक जमले. "दाखव, दाखव" सुरू झालं. मावशी दाबत होती, आकडे पेटत होते. सुपारीवाला दुकानातून उठून आला, त्याने वाकून बघितलं. "खरंच की. मी होतो त्या दिवशी इथे. वाईट बोललो होतो आम्ही समदभाईला." मग त्याने विचारलं, "पण हे चालवलं कोणी? घड्याळजी कोण?"

कमळ रिक्षातच बसून होती, मांडीवर तिचा पत्र्याचा डबा. तिने "जेवायला गेलेत" म्हणायला तोंड उघडलं असेल. पण मी खाली उभा होतो. मला चार माणसांत बोलायची सवय नाही, माझे कान तापले होते.

मी म्हणालो, "घड्याळजी रिक्षात बसलीये. माझी बायको आहे."

आमच्या पाटीवरची वरची जागा आता रिकामी नाही. उस्तादांनी परवानगी दिली. रंगाऱ्याने त्यांचं नाव तिथे लिहिलंय, आणि खाली "कमळ".